वाटेच्या कागदावरचं नाव

जमिनीच्या कचेरीतली रांग हलत नव्हती. करवतीची पिशवी सांभाळत उभ्या असलेल्या सुताराला पुढच्या दीर-भावजयीचं बोलणं नको म्हटलं तरी ऐकू येत होतं.

"वहिनी, सही तेवढी करा. मागच्या लोकांची वाट आपल्या जागेतून जाते, ती मोकळी ठेवायला जबाबदार म्हणून दादाचंच नाव राहू दे."

"भाऊजी, तुमचे दादा जाऊन दोन वर्षं झाली!"

"म्हणूनच तर! तक्रार आली तर त्याच्या नावाने येते. आपल्या डोक्याला ताप नाही."

"आणि वाटेवर फाटक कोणी लावलं?"

"मी भाडेकरूला म्हटलं होतं, जरा लक्ष ठेव. त्याने राखणदाराला सांगितलं. राखणदाराने फाटक लावून कुलूप घातलं."

"किल्ली कुठंय?"

"असेल कुणाकडे तरी."

"मागची पोटुशी पोर परवा कुंपण ओलांडून दवाखान्यात गेली, भाऊजी!"

"मला कोणी कळवलं नाही."

"पत्र आलं होतं की! तुमच्या दादांच्या नावाने. न उघडता माझ्या दारात टाकून गेलात. जिवंतपणी सगळं त्यांच्याच गळ्यात मारलंत, आता तरी सोडा त्यांना!"

"पुढचे!" खिडकीतून कारकून ओरडला. "वाटेला जबाबदार कोण?"

दीर छताकडे बघू लागला.

"मी. माझं नाव लिहा," भावजय म्हणाली आणि मागे वळली. "सुतारभाऊ, फाटक उतरवायला किती वेळ लागतो?"

"उघडं असेल तर अर्धा तास."

"कुलूप असेल तर?"

"पाच मिनिटं," करवतीच्या पिशवीवर थाप मारत सुतार म्हणाला.