कडी बाहेरच्या बाजूला

मी, बस स्थानकावरील घोषणाबाई म्हणून सर्वांना माहीत असलेली, वय ६४ वर्षे, धंदा निवृत्त (पूर्वी स्थानकावर गाड्यांच्या घोषणा करणे), राहणार बाजाराच्या मागची इमारत, दुसरा मजला, डावीकडचे दार, समक्ष विचारल्यावरून सांगते की,

वरील पत्त्यावर मी एकटी राहते. पती हयात नाहीत. मुलगा परगावी असतो. आज सकाळी माझे दार तोडले म्हणून ज्यांना ठाण्यात आणून बाहेरच्या बाकावर बसवले आहे, ते ग्रिलवाले चोर नाहीत. दार तोडायला त्यांना मीच सांगितले. हे सर्वात आधी लिहून घ्या, असा मी हट्ट धरल्यामुळे ते आधी लिहिले आहे.

माझ्याकडे निळ्या-पिवळ्या मोठ्या मॅकॉ पोपटांची जोडी आहे. शेपटीसकट एकेक माझ्या हाताएवढा लांब आहे. निवृत्त झाल्यावर घरात बोलायला कोणी नव्हते म्हणून मी ते पाळले. पहिला पिंजरा दुकानातला, गोल व दिसायला देखणा होता. त्यात पंख पसरता येत नसत, शेपट्या गजांना घासून झिजल्या, आणि गोल पिंजऱ्यात पक्ष्याला पाठ टेकायला कोपरा मिळत नाही हे मला नंतर कळले. दुसरा चौकोनी आणला, त्याचे बारीक गज त्यांनी आठवड्यात वाकवले व रंगही कुरतडून खाल्ला. शेवटी ग्रिलवाल्यांना बोलावून बिनरंगाच्या जाड गजांचा, माणूस उभा राहील एवढा पिंजरा बाहेरच्या खोलीत करून घेतला. स्वयंपाकघरातला धूर त्यांना सोसत नाही आणि निजायच्या खोलीत मला झोपू देत नाहीत, म्हणून जागा तीच उरली. सोफा देऊन टाकला. त्यावर बसायला तसेही कोणी येत नव्हते.

कडीबद्दल विचारल्यावरून सांगते की, हे पोपट कुठलीही कडी चोचीने काढतात. म्हणून दार लोटले की आपोआप बसणारी कडी बाहेरून लावावी व आतून चोच पोचू नये म्हणून आड पत्रा ठोकावा, असे मीच सांगितले. ग्रिलवाले म्हणाले होते, "बाई, तुमचा हात तरी जाईल का आतून?" मी म्हणाले, "मी कशाला आत राहायला जातेय?" याला हात दाखवून अवलक्षण म्हणतात.

काल सकाळी मी पिंजरा झाडायला आत गेले. झाडताना दार लागू नये म्हणून एरवी मी दारात स्टूल ठेवते. काल ते आत घेतले. कशासाठी, असे साहेबांनी दोनदा विचारले. बसायला घेतले. झाडून झाल्यावर मी रोज थोडा वेळ पोपटांजवळ उभी राहत असे, काल पाय दुखत होते म्हणून बसले. मला एकटे वाटते, त्यांच्यात बसले की कमी वाटते. दार मागे लागले ते मला आवाजावरून कळले.

मी "वाचवा" म्हणून ओरडले. शेजारीण जिन्यात थांबली, हे मी ऐकले. परंतु माझे पोपट संध्याकाळच्या मालिका ऐकून रोजच "वाचवा" म्हणतात. त्यापायी ही शेजारीण पूर्वी दोनदा चपला न घालता धावत आली होती. लांडगा आला रे आला, अशातली गत झाली. ती म्हणाली, "आज मेल्यांना फारच चढलंय," आणि खाली गेली. तिचा दोष नाही.

मग मी घोषणेच्या आवाजात ओरडून पाहिले. नोकरीत माझा आवाज ऐकून भरलेले स्थानक पळत सुटायचे. पण घरी सवयीने म्हणते म्हणून त्या घोषणाही पोपटांना पाठ आहेत. त्यांना येत नाही असे एखादे वाक्य मी शोधत होते. त्या घरात मी जे जे बोलले ते सगळे त्यांना येते. शेजारणीला नावाने हाक मारली असती तर ती आली असती, पण सहा वर्षे भिंतीला भिंत असून मला तिचे नाव माहीत नव्हते.

फोन बाहेर टेबलावर होता. दिवसभरात तो एकदाच वाजला, तोही पोपटाने वाजवला. मी त्यांच्या भांड्यातले पाणी प्याले व त्यांचे बदाम खाल्ले. बदाम चांगले होते, मीच निवडून आणले होते. रात्र स्टुलावर काढली.

आज सकाळी ग्रिलवाले एका गजाची राहिलेली धार घासायला आले. मी आतून म्हणाले, मी पिंजऱ्यात अडकलेय, दार तोडा. ते हसले. म्हणाले, "बाई बोलताय की पोपट?" मी म्हणाले, "मी." मादी पोपटही म्हणाली, "मी." तेव्हा त्यांनी विचारले, "बरं, मागच्या वेळी मला प्यायला काय दिलं होतं?" मी म्हणाले, "काही नाही. चहा विचारायचा राहून गेला." हे ऐकल्यावर त्यांनी घराच्या दारात पहार घातली. पिंजऱ्याची कडी त्यांनी एका बोटाने काढली. दार फोडल्याचा आवाज ऐकून शेजारणीने पोलिसांना फोन केला, तेही योग्यच केले.

माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. ग्रिलवाल्यांना सोडावे, त्यांचा चहा अजून राहिला आहे. पोपट कोणाला देऊन टाका, असे मुलगा फोनवर म्हणाला. मी देणार नाही. कडीआडचा पत्रा काढून घेणार आहे. मग पोपट कडी काढतील व घरभर फिरतील, तर फिरोत.

शेजारणीला मी ठाण्याच्या पायरीवर तिचे नाव विचारून घेतले आहे. ते पोपटांसमोर कधी उच्चारणार नाही.

हा जबाब हवालदारांनी मला वाचून दाखवला. आवाज त्यांचा, म्हणणे माझे, आणि ते बरोबर आहे.