टेकाडावरचे दोनशे बारा फोटो

मी, लोवेल टॉर्गरसन, वय ७०, चीज कारखान्यातून निवृत्त, राहणार हिकरी घाटी रस्ता, विस्कॉन्सिन, आज सोमवार १४ ऑक्टोबर रोजी शेरीफच्या कचेरीत येऊन डेप्युटी टेसा रुझिका यांच्यासमोर सांगतो ते असे.

माझा थोरला भाऊ एल्डन, वय ७६, पाच वर्षांपासून माझ्याकडे राहत होता. अलीकडे त्याला विसरायला व्हायचं. रविवार ६ तारखेला चर्चहून आल्यावर मी फुटबॉल बघत बसलो. साधारण तीन वाजता उठलो तर एल्डन घरात नव्हता आणि खुंटीवरचा माझा शिकारीचा नारिंगी कोटही नव्हता.

याआधी दोनदा तो रस्त्याने जुन्या कारखान्याकडे, कामावर निघालो म्हणून, गेला होता. म्हणून मी सगळ्यांना रस्त्याकडेच शोधायला लावलं. सोमवारी शेजारच्या डार्लीन हालवर्सन भट्टीत भाजलेलं बटाट्याचं कॅसरोल आणि आपलं कुत्रं घेऊन आल्या. म्हणाल्या, "लोवेल, तुझ्या टेकाडावर एक चक्कर मारून येते."

मी म्हणालो, "माझं टेकाड मी पाहिलंय. तिथे कोणी नाही."

"नक्की? की त्या हरणापायी म्हणतोस? बायकोचा वाढदिवस विसरायचास, पण वारा कुठून वाहतो ते कधी विसरला नाहीस."

"पाहिलंय म्हटलं ना!" मी ओरडलो. शोधपथकालाही तेच सांगितलं.

मी पाहिलं नव्हतं. टेकाडाच्या फाटकापर्यंत गेलो आणि परत आलो. टेकाडावर दहा टोकांच्या शिंगांचा एक नर आहे. तीन वर्षं मी त्याच्या मागे आहे. ऑक्टोबरात, शिकारीच्या तोंडावर, तिथे माणसाचा वास राहिला, कुत्रं फिरलं, की तो पलीकडच्या रानात गेलाच म्हणून समजा. मी स्वतः एक गुरुवार सोडून एक गुरुवार, भर दुपारी, वारा तोंडावर घेऊन, वास राहू नये म्हणून रबरी बूट घालून जातो. काही हललं की आपोआप फोटो काढणारा कॅमेरा झाडाला बांधलाय, त्यातलं कार्ड काढतो, तिथेच बघतो आणि निघतो. आमच्याकडे सगळे असंच करतात.

भाऊ हरवलेला असताना १० तारखेला तिकडे का गेलात, असं विचारल्यावर सांगतो की त्या दिवशी गुरुवार होता.

ओंडक्यावर बसून कार्ड तळहाताएवढ्या यंत्रात घातलं. दोनशे बारा फोटो होते. धुकं. धुक्यात एक मादी, तिची दोन पाडसं. नुसतं हललेलं गवत. रानटी टर्की पक्षी. परत धुकं. खरं सांगतो, ते बघताना मला एल्डनचा विसर पडला. फार शांत वाटत होतं.

मग रविवार, चार वाजून दहा मिनिटं. नारिंगी कोट.

सोमवारी सकाळी तो रानटी सफरचंदाखाली उभा, मागे दोन माद्या चरताहेत, त्याला बघून पळालेल्या नाहीत. मंगळवारी पाडसं त्याच्या बुटांपाशी पडलेली सफरचंदं खाताहेत. बुधवारी तो खाली बसलेला आणि तो नर त्याच्यापासून दहा पावलांवर, मान वळवून त्याच्याकडे बघतोय. तीन वर्षांत तो माझ्या इतक्या जवळ कधी आला नाही. एल्डन हसत होता. असं हसताना मी त्याला लहानपणी पाहिलं होतं.

रोज एका तरी फोटोत एल्डनने कॅमेऱ्याकडे बघून हात हलवलेला आहे. तो कॅमेरा त्या झाडाला त्यानेच बांधला होता. फोटो कोण बघतं ते त्याला ठाऊक होतं. गुरुवारी सकाळच्या फोटोत नुसता त्याचा चेहरा आहे, अगदी जवळून, तोंड उघडं. काहीतरी सांगतोय. फोटोला आवाज नसतो.

मी हाका मारत धावलो. चाळीस पावलांवर, झाडीआड, माझ्या मचाणाच्या शिडीला टेकून तो बसला होता. ओठ निळे पडले होते. म्हणाला, "हळू रे. तो पळेल."

मी विचारलं, "खाली रस्त्यावरून लोक हाका मारत होते, ऐकल्या नाहीस?"

"ऐकल्या की. इथे आवाज करायचा नाही, तूच सांगितलंयस ना?" मग म्हणाला, "किती वेळ लावलास, लोवेल. फोटो बघतोस ना तू?"

मी हो म्हणालो.

शुक्रवारी पहाटे इस्पितळात तो गेला.

कोणी मला फसवलं नाही, कोणावर माझा संशय नाही. डार्लीनबाईंना त्या दिवशी जाऊ दिलं असतं तर आज तो घरी असता, हे मला कळतं. सदर कार्ड मी जमा करत आहे. काम झाल्यावर परत मिळावं. त्यातली हरणं पुसली तरी चालतील.

हा मजकूर डेप्युटी रुझिका यांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. "माझं टेकाड मी पाहिलंय" हे वाक्य मी त्यांना पुन्हा वाचायला लावलं. मी बोललो होतो ते तसंच लिहिलं आहे, म्हणून खाली सही करतो.

लोवेल टॉर्गरसन