समोरच्या दोन खुर्च्या

इर्मेली : कोपर काढ.

काउको : खुर्चीच्या हातावर आहे माझं कोपर. तुझ्या मांडीवर नाही.

इर्मेली : दोन खुर्च्यांत हात एकच आहे.

काउको : तेवढाच वाटून घ्यायचा राहिला. बोलाव तुझ्या वकिलाला. नाव वाटली, तळ्याकाठचं घर वाटलं, कुत्रं तू नेलंस. आता हा वीतभर प्लॅस्टिकचा दांडा करवतीने कापू.

इर्मेली : कुत्रं मी नेलं नाही. ते माझ्यामागे आलं. त्यालाही माणसं कळतात.

काउको : त्याला तुझ्या त्या पेंत्तीच्या कॅराव्हॅनमधलं सॉसेज कळतं.

इर्मेली : हळू बोल. मध्यंतर आहे, गाणं थांबलं की सगळ्या स्टँडला ऐकू जातं.

काउको : जाऊ दे. घटस्फोट झालाय हे सगळ्या कोस्किनिएमी गावाला माहीत आहे. दोन-दोन अशी बरोबरी आहे, तीनपैकी शेवटचा पिरियड राहिलाय, आइस हॉकीच्या मोसमातला शेवटचा सामना. हरलो तर गेल्या वर्षीचे चॅम्पियन यंदा तळाला, आणि तळावरून खालच्या लीगमध्ये गडगडायला एक धक्का पुरतो. आणि हिला गाण्याची पडलीय.

इर्मेली : पहिल्या गोलाच्या वेळी उभं राहून, दोन्ही हात वर करून माझ्यावर खेकसत कोण होतं? गोल झालेलासुद्धा दिसला नाही तुला. स्वतःचा पोरगा जाळीत उभा आहे आणि बापाला गोल दिसत नाही.

काउको : तू माझी कॉफी सांडलीस!

इर्मेली : तू माझ्या आईबद्दल बोललास!

काउको : वाईट काय बोललो? 'सुटली' म्हणालो.

राउहा : झालं तुमचं?

काउको : तुम्हाला काय झालं, डॉक्टरीणबाई?

राउहा : मला काय व्हायचंय. तुमच्या मागच्या रांगेत बसते, एवढंच झालंय. सप्टेंबरपासून ऐकतेय. चॅम्पियनपदाचा झेंडा छताला चढवला, तेव्हा अख्खा हॉल उभा राहून रडत होता. आणि तुम्ही दोघं पार्किंगवरून भांडत होतात.

इर्मेली : त्याने माझ्या जागेत गाडी घातली होती.

राउहा : इर्मेली, तुझ्या दाढेत सिमेंट मी भरलंय. काउको, तुझी अक्कलदाढ मी उपटलीय, तेव्हापासून तुझ्याकडे काही उरलेलं दिसत नाही. तर मला उलट बोलू नका. एक विचारते त्याचं उत्तर द्या. वर्नेरी गोल कधी खातो?

काउको : हे बघा, पोराबद्दल बोलायचं काम नाही. गेल्या वर्षी याच गोलकीपरला बाजारचौकात खांद्यावर घेऊन नाचलात सगळे. आज त्यालाच शिट्ट्या मारतात. परवा माझ्या टायरच्या दुकानात एकजण म्हणाला, 'तुमच्या पोराच्या जाळीला कडी लावा.' त्याचे टायर उलटे बसवून दिले मी.

राउहा : मी शिट्टी मारत नाही, माझी कवळी पडेल. कधी खातो?

काउको : कधी म्हणजे? केव्हाही खातो. चॅम्पियनांना हरवायचं म्हटलं की दरिद्री संघाच्याही अंगात येतं. आपल्या साउकोत संघाविरुद्ध सगळे जीव तोडून खेळतात.

राउहा : बाहेरगावीही तसेच खेळतात. तिथे कसा असतो तो?

काउको : बाहेरगावी बरा असतो. पेपरात येतंच की, साउकोतला घरचं बर्फ बाधतं म्हणून.

राउहा : मग घरचं सांगा. पहिल्या पिरियडमध्ये तो कुठल्या जाळीसमोर उभा असतो?

इर्मेली : पलीकडच्या. आपल्या समोर.

राउहा : दुसऱ्यात?

इर्मेली : बाजू बदलतात. दुसऱ्यात इथे, आपल्या पायाशी. पाठ आपल्याकडे.

राउहा : आणि तिसऱ्यात परत पलीकडे, तोंड तुमच्याकडे. आज दोन गोल खाल्ले ते कधी?

इर्मेली : पहिल्यात.

राउहा : दुसऱ्यात किती?

इर्मेली : एकही नाही.

राउहा : मागच्या शनिवारी? त्याच्या आधी, ते सहा गोल झाले तेव्हा? डोकं खाजवू नकोस काउको, मी सांगते. पाठ तुमच्याकडे असली की पोरगा भिंत असतो. तोंड तुमच्याकडे झालं की चाळण.

काउको : काहीतरीच. तो त्या टोकाला, आम्ही या टोकाला. मध्ये अख्खं बर्फ पसरलंय. एवढ्या लांबून त्याला माझी मिशी दिसणार आहे?

राउहा : आईबाप भांडतायत हे कळायला मिशी दिसावी लागत नाही. हातवारे पुरतात.

इर्मेली : पण इथे बसायला त्यानेच सांगितलंय आम्हाला! प्रत्येक पिरियड सुरू व्हायच्या आधी तो जाळीच्या दोन्ही खांबांना काठी लावतो आणि मग वर बघतो. आम्ही दोघं दिसलो की जीव थाऱ्यावर येतो म्हणाला. म्हणून येते मी. नाहीतर या माणसाशेजारी बसायचे डोहाळे लागलेत का मला?

राउहा : ते त्याने गेल्या मोसमात सांगितलं. गेल्या मोसमात तुम्ही एका शालीत बसायचात.

काउको : नाटक होतं ते. वेगळं व्हायचं तेव्हाच ठरलं होतं. त्याच्या गळ्यात सोन्याचं पदक पडेपर्यंत अवाक्षर काढायचं नाही, असं ठरलं होतं दोघांचं.

इर्मेली : आणि तू कधी काढलंस? सांग ना बाईंना. ऐन उन्हाळ्यात, युहान्नुसच्या सणाला! करंडक एक दिवस घरी न्यायची वर्नेरीची पाळी. तळ्याकाठी शेकोटी पेटलीय, शेजारीपाजारी करंडकातून बिअर पितायत, पोरगा आयुष्यात कधी हसला नव्हता इतका हसतोय. आणि हा सौनाच्या वाफेतून बाहेर येतो, कमरेला टॉवेल, आणि सगळ्यांसमोर म्हणतो, 'पोरा, तुझी आई मला सोडतेय.'

काउको : कारण तू पेंत्तीला बोलावलं होतंस!

इर्मेली : नावेचं इंजिन बघायला!

काउको : सणाच्या दिवशी? परफ्यूम लावून?

इर्मेली : तोंड सांभाळ, काउको!

राउहा : हात खाली कर, इर्मेली. हे बघ, असे हात. हेच दिसतात त्याला.

इर्मेली : घातले खिशात.

राउहा : रोग्याचं दुसऱ्याला सांगायचं नसतं. पण आता सांगते. दवाखाना मी लेकीला दिला, तरी वर्नेरी माझ्याकडेच येतो. ऑक्टोबरात आला होता. झोपेत दात खातो. दाढा झिजून पाटासारख्या सपाट झाल्यात. रात्री घालायला पट्टी करून दिली, ती नाताळाच्या आत चावून फोडली त्याने.

इर्मेली : मला बोलला नाही.

राउहा : तुला कसा बोलेल? तू लगेच काउकोला फोन करून शिव्या घातल्या असत्यास.

काउको : घातल्याच असत्या. डॉक्टरीणबाई, हे पहिल्यांदाच झालं का त्याला?

राउहा : नाही. सातवीत असताना झालं होतं. तुम्हीच घेऊन आला होतात, दोघं. आणि उशीर कोणामुळे झाला यावर माझ्या खुर्चीच्या दोन बाजूंना उभं राहून भांडलात. तो मध्ये तोंड उघडं टाकून छताकडे बघत पडला होता.

काउको : मला आठवत नाही.

राउहा : तुला कशाला आठवेल? खुर्चीत तोंड उघडून तो पडला होता, तू नव्हतास.

इर्मेली : मग आता काय करायचं?

राउहा : उठायचं.

काउको : ही उठेल. तू जा, इर्मेली. पेंत्ती वाट बघत असेल.

इर्मेली : मी का म्हणून? गोलकीपरचे ते पॅड पंधरा वर्षं मी धुतलेत. त्याचा वास तुला ठाऊक तरी आहे का?

काउको : आणि काळ्याकुट्ट पहाटे गाडीचं इंजिन गरम करून त्याला सरावाला कोण नेत होतं? मी! दोन माणसं बसतील एवढी जागा बॅगच अडवायची, आणि तू अंथरुणात!

राउहा : एक उठून उपयोग नाही. फेब्रुवारीत इर्मेली तापाने आली नव्हती. सामनाभर तो रिकाम्या खुर्चीकडे बघत होता, आणि चकती त्याच्या पायांमधून जात होती. उरलेल्याला बघून दुसरं कुठे गेलं हेच शोधतो तो. त्याच्या आत काय चाललंय ते सप्टेंबरपासून कोचला कळलं नाही, मला कळलं. कारण मला तुमच्या दोघांच्या डोक्यांच्या मधूनच सामना बघावा लागतो.

काउको : मग गेल्या वर्षीसारखं बसू? थोडा वेळ?

इर्मेली : आता तो फसणार नाही. आणि माझ्याच्याने होणारही नाही.

काउको : माझ्याच्याने तरी कुठे होतंय. पोरासाठी म्हणालो.

राउहा : एक स्पष्ट सांगते. तुमचा मला काडीचा कळवळा नाही. या हॉलला छप्पर नव्हतं तेव्हापासून मी साउकोत बघतेय, डोक्यावर बर्फ पडत असताना बघितलंय. मला या वयात खालच्या लीगमध्ये मरायचं नाहीये. भोंगा वाजला बघा. उतरतायत बर्फावर.

इर्मेली : तो बघ, आला.

काउको : डावा खांब. आता उजवा.

राउहा : मग वर बघेल.

इर्मेली : ऊठ, काउको.

काउको : तू आधी.

इर्मेली : एकदम उठू. ऊठ, मेल्या!

(स्टँडमागचा बोळ. सॉसेजच्या टपरीशेजारी दोघं उभी आहेत.)

काउको : आत काय चाललंय?

इर्मेली : मला काय विचारतोस? मीही तुझ्यासारखी भिंतच बघतेय.

काउको : टपरीवरचा टीव्हीसुद्धा आजच बिघडायचा होता. फोनवर बघू?

इर्मेली : नको. फोनवर सगळं उशिरा दिसतं. आधी ओरडा ऐकायचा आणि मग तोच गोल परत बघायचा. मला दोनदा मरायचं नाहीये.

काउको : म्हातारीचं काही खरं नाही. खिळखिळं डोकं. आपण गेलो म्हणून काय तो एकदम...

इर्मेली : मग जा ना परत. बस जाऊन.

काउको : नाही जात.

इर्मेली : का?

काउको : खरं असलं तर? सगळ्यांना शिव्या घातल्या मी या वर्षी. बचावफळीला घातल्या, कोचला घातल्या, बर्फ सारखं करायच्या त्या गाडीच्या ड्रायव्हरला घातल्या.

इर्मेली : मला घातल्यास.

काउको : तुला तर सगळ्यात आधी.

इर्मेली : आपण गेलो हे त्याला दिसलं असेल?

काउको : दिसलंच असेल. तू लाल कोट घालून येतेस, आगीच्या बंबासारखा.

इर्मेली : त्याला सापडावं म्हणून घालते. मला लाल शोभत नाही.

काउको : नाहीच शोभत.

इर्मेली : भिंतीकडे तोंड कर. तुझ्याकडे बघितलं की माझेच दात एकमेकांवर घासायला लागतात.

काउको : भोंगा! इर्मेली, भोंगा! आपला गोल झाला! ढोल वाजतायत! तीन-दोन!

इर्मेली : मिठी मारायची नाही.

काउको : कोण मारतंय? हात वर केला फक्त.

इर्मेली : खाली कर.

काउको : इथून तर दिसत नाही ना त्याला!

इर्मेली : तरी कर.

काउको : किती वेळ राहिला असेल?

इर्मेली : हे काय? का ओरडतायत सगळे?

काउको : त्यांनी त्यांचा गोलकीपर बाहेर काढला असणार. शेवटी शेवटी काढतात. जाळी मोकळी सोडून आणखी एक हल्ल्याला घालतात. सहा जण येतील आता त्याच्या अंगावर.

इर्मेली : त्याच्या पुढे आपले पाच आहेत.

काउको : असले तरी गोलकीपर एकटाच असतो.

इर्मेली : शांत का झालं? काउको, एकदम शांत का झालं?

काउको : थांब.

इर्मेली : गोल झाला. झाला गोल. मला माहीत होतं.

काउको : गोल झाला असता तर त्यांच्या कोपऱ्यातून ओरडा आला असता. गप्प बस जरा. ऐक. नाव घेतायत.

इर्मेली : कोणाचं?

काउको : 'वर्नेरी' म्हणतायत. अख्खा हॉल म्हणतोय.

इर्मेली : सबंध मोसम मी याच्यासाठी त्या खुर्चीत बसले. तुझ्याशेजारी बसले. आणि आज मी इथे सॉसेजवरच्या मोहरीचा वास घेत उभी आहे.

काउको : रडू नकोस. लोक बघतायत.

इर्मेली : तू आधी नाक पूस.

काउको : संपला. हा शेवटचा भोंगा. संपला सामना.

राउहा : इथे आहात होय? मला वाटलं, घरी पोचून पुढचं भांडण सुरू केलंत. जिंकलो. वाचलो.

काउको : ऐकलं आम्ही. शेवटी काय झालं? ते शांत झालं तेव्हा?

राउहा : आडवा पडला. एक पायाने अडवली, परत आली ती छातीने, तिसऱ्यांदा सगळे त्याच्या अंगावर कोसळले आणि चकती कुठे गेली कोणालाच दिसेना. मग उठला आणि हातमोज्यातून काढून पंचाला दिली, सुट्टे दिल्यासारखी.

इर्मेली : आणि नंतर?

राउहा : नंतर काय, सगळ्यांनी घेरलं त्याला.

इर्मेली : ते नाही. वर बघितलं का त्याने?

राउहा : बघितलं. मुखवटा डोक्यावर सारला आणि सरळ तुमच्या जागांकडे बघितलं.

काउको : मग? शोधलं असेल आम्हाला.

राउहा : नाही शोधलं.

इर्मेली : डॉक्टरीणबाई, काय केलं त्याने ते सांगा ना.

राउहा : हसला.

काउको : रिकाम्या खुर्च्यांकडे बघून?

राउहा : मोसमात पहिल्यांदा हसताना बघितला मी त्याला. जाते. माझी बस चुकेल.

काउको : तुझी पर्स वर राहिलीय. खुर्चीवर. आणतो मी.

इर्मेली : थांब, काउको. त्याला बर्फावरून आत जाऊ दे. मग आण.