इनास उठंल तवा

भाईंदर स्टेशनबाहेर उत्तनच्या बसची रांग लागली होती. सुरुचीच्या पुढे उत्तनजवळच्या पाली गावच्या दोघी कोळणी उभ्या होत्या, रिकामी पाटी घेतलेली म्हातारी फिलूमावशी आणि तिची भाची जेसिंता.

"जन्मभर मासली इकतेस, मावशी, पन सात वर्षं तोंडाला लावली न्हाईस."

"माझा लेक दर्यात ऱ्हायला. इनासला मासल्यांनी खाल्ला, ती मासली लोकांनी खाल्ली. फादर सांगतात, जगाच्या शेवटच्या दिवशी शरीरासकट उठंल. कुठलं शरीर?"

"मी इचारलं त्यांना. म्हनाले, पयल्या वक्ताच्या किरिस्तावांनी पन हेच इचारलेलं. ज्याचं त्याला देव परत देतो, एकाचं हाडूक दुसऱ्याला जात न्हाय."

सुरुचीने हातातली पापलेटची पिशवी हळूच पाठीमागे धरली.

"आन् मी त्याला वळखू कशी?"

"येशू उठला तवा खिळ्यांच्या खुना तशाच व्हत्या की."

"म्हंजे खुना ऱ्हातात?"

"ऱ्हातात."

"मग कपाळावरची खोक पन ऱ्हाईल?"

"कुठली खोक?"

"बोटीवर गेला त्या सकाळी मी उलथनं फेकून मारलेलं, ती."

बस आली. रांग हलली, म्हातारी हलली नाही.

"जेसिंते, फादरना परत इचार. तेवढी एक पुसता येते का."