परत आणलेला हार

तू विचारून राहिला न, यंदा दादाचा हार घरीच काहून आहे? आमचा दादा ज्या कड्यावरून पडला, तिथं मी दरवर्षी त्याच्या तिथीले दोर बांधून चढतो अन् हार ठेवतो. आई खाली थांबते. यंदा वनरक्षकानं अडवलं. "ऊपर बाज के बच्चे हैं. उनके उड़ने तक चढ़ना मना है."

मी भांडायच्याच बेतात होतो. आईनं माझा हात धरला अन् त्यालेच विचारलं, "भैया, बच्चे गिरते तो नहीं न?"

"नहीं, माताजी. उनकी माँ पास में ही बैठी रहती है."

आईनं हार पिशवीत परत ठेवला. म्हणाली, "चाल रे. दादा पडला त्या दिवशी मी रायपूरले घरीच होती."