घरच्या माणसाचा राजीनामा

माझं गाव दिंडोरीच्या बाजूला. आई द्राक्षाच्या बागांत मजुरीला जायची, थिनिंगच्या टोळीत, म्हणजे घडातले जादाचे मणी कात्रीने काढायचे, दिवसभर हात वर आणि मान वर, आणि संध्याकाळी घरी आली की ती मान लवकर खाली यायचीच नाही, भाकरी थापताना पण ती छताकडे बघतेय असं वाटायचं. मला म्हणायची, वैशे, तू खाली बघून करायचं काम शिक. म्हणून मी मायक्रोस्कोप धरला. नाशिकला बी.एस्सी. केलं, मायक्रोबायोलॉजी, आणि एका वाइनरीच्या लॅबमध्ये लागले. फिरून द्राक्षातच आले म्हणा, पण मान खाली.

आता मी ज्यांच्याकडे काम करते ते लोक तिथेच भेटले. म्हातारे आणि त्यांचा मुलगा केन्ता, जपानहून गरम मुलखातल्या बागा बघायला आले होते, आणि येताना स्वतःच्या वाइनची बाटली घेऊन आले होते. आमचे साहेब लोक घोट घेतात आणि वा वा करतात. मला विचारलं, मी म्हटलं, शिरक्याकडे चाललीय ही, दोन महिन्यांत सॅलडवर घालाल. साहेबांनी टेबलाखालून पाय मारला मला. केन्ताने खरं तेच भाषांतर करून सांगितलं आणि म्हातारे उठून उभे राहिले आणि कमरेत वाकले, माझ्यापुढे. सहा महिन्यांत पत्र आलं, सेलर टेक्निशियन म्हणून या, म्हणजे वाइनचं कोठार सांभाळायला. मला वाटलं, खरं बोललं म्हणून बोलावतायत, म्हणजे माणसं चांगली. आणि माणसं चांगलीच आहेत हो. तीच तर पंचाईत आहे. वाईट असती तर मी पहिल्याच वर्षी बॅग भरली असती.

कोबेहून दोन गाड्या बदलून आणि मग बसने डोंगरात, असं आमचं ठिकाण. म्हातारे तरुणपणी तीन वर्षं फ्रान्सला लुआर नदीच्या काठी राहून आलेले, तिथल्याच वेली लावल्यात, शेनिन आणि कॅबरने फ्राँ, आणि सगळं ऑरगॅनिक. म्हणजे मोरचूद सुद्धा चिमटीने, यीस्ट विकतचं नाही, सल्फर नाही, सालीसकट आंबवायचं, मातीच्या रांजणात ठेवायचं, दर वर्षी एक नवा प्रयोग. ऐकायला छान आहे. पण या देशात ऐन फळ भरताना पाऊस पडतो, आणि औषध मारायचं नाही तर घड कुजतात, म्हणून प्रत्येक घडावर, ऐका, प्रत्येक घडावर मेणकागदाची छोटी छत्री बांधायची. हाताने. मी, म्हातारे, आणि गावातल्या सत्तरीच्या चार बायका. काय सांगू तुम्हाला, आईची मान मलाच आली शेवटी.

आता हे टेक्निशियनचं काम आहे का? नाही. व्हिसावर काय लिहिलंय आणि मी काय करते, दोन्ही शेजारी ठेवून बघा. लॅबचं मी करते, बागेचं मी करते, ओकासान म्हणजे म्हाताऱ्यांची बायको वारलेली, म्हणून सकाळचं मिसो सूप मी करते, कचरा वेगवेगळा करून ठरल्या वारी मीच ठेवते, आणि शनिवारी तोक्योहून पाहुणे आले की साडी नेसून पिंपाशेजारी उभी राहते, कारण केन्ताच्या मते त्याने वातावरण येतं. वातावरण! मी म्हटलं, केन्ता-सान, पिंपालाच नेसवा की. हसला, आणि पुढच्या शनिवारी परत इस्त्री आणून दिली. सुट्टी मागितली तर म्हातारे म्हणणार, वैशाली-सान, तू तर घरचं माणूस. मला ओतोसान म्हणायला लावलंय त्यांनी, म्हणजे बाबा. घरच्या माणसाला रविवार नसतो, घरच्या माणसाला जादा तास नसतात, घरचं माणूस नोकरी सोडत नाही. हे एवढं गोड बोलून केलेलं असतं की माणूस चिडायला लागला तर स्वतःलाच कृतघ्न वाटतो. मला विचाराल तर नोकराला नोकर म्हणा आणि सुट्टी द्या.

माझी मुलगी सई नाशिकला आईपाशी आहे, नऊ वर्षांची. सईचे वडील वेगळे राहतात, त्यावर मी बोलणार नाही, तुमच्या कागदावर त्यांना जागा देऊ नका. सईला इकडे आणायचं तर कंपनीचे कागद लागतात, पगाराचा दाखला, राहायच्या जागेचा दाखला. चार वर्षं मागतेय. हंगाम झाला की देऊ. हंगाम झाला की छाटणी, छाटणी झाली की बांधणी, मग छत्र्या, मग परत हंगाम. सई फोनवर म्हणते, तू येतेस की मी येऊ, एक काय ते ठरव ना. तिच्या आवाजात माझी आईच बोलते.

आता त्या पत्राचं सांगते, ज्याच्यामुळे अडकले. पहिल्या हंगामात केन्ताने बजावलं होतं की हे दोन महिने घरात नात्तो खायचा नाही, ते आंबवलेले सोयाबीन असतात ना, त्यातले जंतू सेलरमध्ये शिरले तर सगळं जातं. मी म्हटलं, मला तो तसाही घशाखाली उतरत नाही, निवांत राहा. पण दह्याचं कोणी काही बोललं नाही आणि मलाही सुचलं नाही, सूक्ष्मजीव शिकलेल्या बाईला! ऑक्टोबरात माझ्या खोलीत एवढं गार की दही लागेना. कोन्बिनीतून, म्हणजे रात्रंदिवस उघड्या असणाऱ्या दुकानातून, दह्याचा डबा आणायचा, त्याचं विरजण लावायचं, तरी दुसऱ्या दिवशी दूधच. आणि सेलरमध्ये शेनिनच्या मोठ्या टाकीला आंबताना छान ऊब येते. मी आपलं स्टीलचं भांडं फडक्यात गुंडाळून टाकीशेजारी ठेवलं. चार दिवस काय सुंदर दही लागलं म्हणून सांगू, कवडी पडावी तसं. कढी केली, ओतोसानांनी दोन वाट्या प्यायल्या.

पुढच्या वसंतात लाल वाइनच्या दोन पिंपांत उंदीर आला. म्हणजे खरा उंदीर नव्हे, चव. घोट गिळल्यावर मागून येते, उंदराच्या पिंजऱ्यासारखी, सल्फर न घालणाऱ्यांना हा शाप असतो, आणि काही माणसांना ती चव कळतच नाही. म्हाताऱ्यांना कळत नाही. केन्तालाही नाही. मला कळली, मी सांगितली. सांगणारी मीच, हे लक्षात ठेवा. दुसऱ्या दिवशी गावातल्या एका बाईने आठवण काढली की वैशाली-सान शरदात दुधाचं भांडं ठेवायची. ओतोसानांनी विचारलं, ठेवायचीस का? मी म्हटलं, हो.

आता मी तुम्हाला सांगते, दही होतं पांढऱ्या शेनिनच्या टाकीपाशी आणि उंदीर निघाला खालच्या तळघरातल्या लाल पिंपांत, मधे दोन दारं. आणि ती दोन पिंपं म्हणजे केन्ता दर शनिवारी पाहुण्यांना चाखवायला उघडायचा तीच. पिंप उघडलं, वाइन काढली, की तेवढी परत भरायची असते, नाहीतर आत हवा शिरते. तो भरायचा नाही. मी तीनदा सांगितलं होतं. पण बापाच्या तोंडावर मुलाचं नाव घ्यायचं मला जमलं नाही, आणि आपल्याकडे कसं असतं, जाऊ द्या, चुकलं असेल, माफ करा म्हटलं की विषय संपतो, भांडी घासायला मोकळे. मी म्हटलं, माफ करा. मला काय माहीत, इथे तिथूनच विषय सुरू होतो! केन्ता म्हणाला, माफीचं पत्र लिहायची पद्धत आहे, हाताने लिहायचं, मी मजकूर देतो. मला बोलायला येतं, पण अवघड कांजी, म्हणजे त्यांची चित्रासारखी अक्षरं, अर्धी येतात, अर्धी नाही. मी रांगोळी काढावी तसं बघून बघून उतरवलं, खाली माझ्या नावाचा हांको, म्हणजे सहीचा शिक्का, उठवला. फार सुंदर अक्षर, म्हणाले ओतोसान. त्यात काय लिहिलं होतं ते मला उन्हाळ्यात कळलं, शब्दकोश घेऊन बसले तेव्हा. माझ्या निष्काळजीपणाने माल नासला, याची जाणीव ठेवून पुढचे पाच हंगाम मी ही जबाबदारी सोडणार नाही. केन्ताला ओळन् ओळ माहीत होती आणि त्यानेच मला पेन दिलं.

यंदा थंडीत कोबेहून विचारणा आली. तिथे जुनं व्यापारी घराणं आहे, आपल्याकडचंच, त्यांच्या कंपनीत फ्रेंच वाइन चाखून निवडायला माणूस हवाय. तिथल्या बाई म्हणाल्या, मुलीचे कागद आम्ही करू, शाळा पण बघून ठेवलीय, पण मेच्या पुढे जागा धरून ठेवता येणार नाही. मी राजीनामा लिहिला, ओतोसानांना दोन्ही हातांनी दिला. त्यांनी दोन्ही हातांनी घेतला, पाकीट न उघडता आतल्या खोलीत गेले आणि बुत्सुदानात, त्यांचा पितरांचा देव्हारा असतो ना, त्यात ओकासानच्या फोटोपुढे ठेवलं. म्हणाले, आधी तिला सांगतो. वाइनला बक्षीस मिळालं तरी ते तिथे ठेवतात, नातवाचं प्रगतिपुस्तक आलं तरी तिथे. एक आठवडा, दोन, तीन. रोज सकाळी त्या फोटोपुढचं पाणी बदलायचं काम कोणाचं? माझं. मी माझ्याच बंद पाकिटापुढे हात जोडून उभी राहायची. ते काढून तुम्ही वाचा म्हणायचं धाडस मला होईना, बाईच्या फोटोपुढून कसं ओढून घेणार?

तेव्हा तुम्ही भेटलात, आमच्यासारख्या परदेशी कामगारांची हकीकत लिहून घ्यायला, आणि रागावलात. म्हणालात, ते माफीपत्र कायद्यात टिकत नाही, तुमच्यासारखी कायम नोकरी असली की राजीनामा पोचल्यावर दोन आठवड्यांनी सुटते, कोणाची परवानगी लागत नाही, पोस्टातून नोंद करून पाठवा. बरोबर आहे तुमचं. मी नवा राजीनामा लिहिला, बस धरून गावच्या पोस्टात गेले आणि पाठवला. दुसऱ्या दिवशी पोस्टवाला स्कूटरवर आला, ओतोसान बागेत, केन्ता ओसाकाला, ऑफिसात मी. इथे हांको उठवा, म्हणाला. पाठवणारी मी, घेणारी मी! घराचा शिक्का खणातून काढला आणि उठवला. तो वाकला, मी वाकले. हसू नका. नाही, हसा, मीही हसले नंतर.

पण या वेळी मी पाकीट देव्हाऱ्याकडे जाऊ दिलं नाही. बागेत गेले, छाटणी चालली होती, तिथेच ओळीत उभं राहून म्हटलं, ओतोसान, हे आत्ता वाचा. त्यांनी हातमोजे काढले, वाचलं. मग हातातली काडी दाखवून एवढंच विचारलं, इथे किती डोळे ठेवू? म्हणजे कोंब फुटायच्या जागा. मला माहीत आहे, त्यांना माहीत आहे किती ठेवायचे. चाळीस वर्षं छाटतायत. तुम्हाला रागच येईल, पण मी म्हटलं, दोन ठेवा, आणि थांबा, ही बाग मी छाटून देते, बांधणी पण करून देते, मग जाते. माझ्या तोंडून गेलं. कोणी धमकी दिली नाही, दार लावलं नाही. ते म्हणाले, हं, आणि पुढच्या वेलीकडे गेले. दोन आठवडे कायद्याने गेल्या सोमवारी भरले आणि मी मंगळवारी कात्री घेऊन ओळीतच होते. कोबेच्या बाईंना फोन केला, त्या म्हणाल्या, मेचा पहिला आठवडा, त्यापुढे खरंच नाही.

इथे येणाऱ्या पोरींनो, सुखाने या, शिका, कमवा, माझा आशीर्वाद आहे. फक्त वाचता येत नाही ते स्वतःच्या अक्षरात लिहून देऊ नका, कोणी कितीही प्रेमाने पेन पुढे केलं तरी. आणि कोणी घरचं माणूस म्हटलं की विचारा, घरच्या माणसाची सुट्टी कुठल्या वारी?

अजून सव्वाशे वेली बांधायच्या राहिल्यात. ओतोसान काल म्हणाले, छत्र्यांचा कागद यंदा जरा जाड मागवू या का, तुला काय वाटतं? मी उत्तर दिलं नाही. या घरात उत्तर न देणं मला पहिल्यांदाच जमलं. तुम्ही आता असं लिहा: वैशाली मेच्या पहिल्या आठवड्यात कोबेला जाणार आहे, बांधणी पुरी होवो न होवो, आणि सई येणार आहे. जाईल अशी आशा आहे, असं नको. जाणार आहे. झालं लिहून? आता मला वाचून दाखवा.