मागचं दार

(विमा कंपनीच्या मोठ्या कचेरीतली काचेची खोली. दादा विक्री खात्याचा प्रमुख; धाकटी त्याची सख्खी बहीण, कंपनीच्या सॉफ्टवेअरची रचना ठरवणारी.)

दादा: ...आणि माझी चाळीस माणसं सकाळपासून रिकाम्या स्क्रीनकडे बघत बसलीयेत. हे कुणी केलं म्हणून चौकशी केली, तर नाव निघालं माझ्याच बहिणीचं.

धाकटी: चौकशी कशाला? मला विचारायचंस. तुमचं ते मागचं दार मीच बंद केलं.

दादा: हे सांगताना तुला काहीच वाटत नाही?

धाकटी: भूक लागलीय, एवढंच वाटतंय.

दादा: थट्टा नको. क्लेम खात्याची माहिती आम्ही इतकी वर्षं सरळ आत जाऊन घेत होतो. कुणाचं काही अडलं होतं का?

धाकटी: तुमचं नसेल अडलं. गेल्या वर्षी क्लेमवाल्यांनी आपल्या माहितीत एक रकाना वाढवला, एकच, आणि हप्त्यांच्या पावत्या बंद पडल्या. कारण हिशेबवालेही तुमच्यासारखेच त्यांच्या कपाटात हात घालून बसलेले. तेव्हापासून क्लेमवाले काही बदलायचं म्हटलं की घाबरायचे. एवढी मोठी कंपनी आणि कुणाला आपल्याच घरातली खुर्ची हलवता येत नव्हती.

दादा: म्हणून तुमच्या त्या सर्व्हिसेस, प्रत्येक खात्याची वेगळी.

धाकटी: म्हणूनच. ज्याने त्याने आपलं कपाट आपण सांभाळायचं आणि बाहेरच्यांसाठी एक खिडकी ठेवायची. जे मागायचं ते खिडकीवर मागा, आत शिरू नका. काल रात्री क्लेमवाल्यांनी अख्खं कपाट बदललं, हिशेबवाल्यांना पत्तासुद्धा लागला नाही. वर्षभर रखडलं असतं ते काम महिन्यात उरकलं. साहेब सारखे विचारतात ना, धंद्याला याचा फायदा काय? हा फायदा.

दादा: भाषण साहेबांसाठी राखून ठेव. आम्ही वापरून बघितली तुझी खिडकी. अर्धीच माहिती येते.

धाकटी: अर्धी नाही, तुम्हाला लागते तेवढी. पॉलिसी चालू आहे का, क्लेम झालाय का, केवढ्याचा.

दादा: आणि आजार?

धाकटी: आजार मिळणार नाही.

दादा: अगं, तोच तर हवाय. नवी योजना आज बाजारात आलीय. कुणाला काय झालंय ते कळलं, की कुणाला फोन करायचा आणि कुणाच्या वाटेला जायचं नाही ते कळतं. साहेबांना मी शब्द देऊन बसलोय.

धाकटी: शब्द तू दिलास. दार मी का उघडू?

दादा: कारण तुला या कंपनीत मी आणलं.

धाकटी: आणलंस. दर रविवारी जेवताना ऐकवतोस, विसरेन कशी?

दादा: बरं, ते राहू दे. आजच्यापुरतं उघड. उद्या खुशाल बंद कर, मी तोंड उघडणार नाही.

धाकटी: हे दार आजच्यापुरतंच उघडलेलं होतं दादा. सहा वर्षांपूर्वी. तुमच्याच खात्यासाठी.

दादा: साहेबांनी हुकूम दिला तर?

धाकटी: त्यांनाही नाही म्हणेन. काढून टाकतील, टाकू देत. मग ज्याला उघडायचं त्याने उघडावं. माझ्या हातून ते होणार नाही.

दादा: एवढा कसला हट्ट?

धाकटी: तुझ्या एका माणसाने मागे एका घरी फोन केला. म्हणाला, तुमच्या मुलाचं हार्टचं ऑपरेशन झालंय, आता आमची एक योजना घेऊन टाका. फोनवर होती त्याची आई. मुलगा तिला कामासाठी बाहेरगावी जातो म्हणून सांगून गेला होता. आपल्या पोराचं काळीज उघडलं होतं हे त्या माउलीला एका विक्रेत्याकडून कळलं.

दादा: त्या गाढवाला मी झापलं होतं. चांगलं झापलं होतं.

धाकटी: झापलंस, पण माहिती त्याच्यासमोर तशीच उघडी ठेवलीस. त्याला दिसलं म्हणून तो बोलला. मला त्या बाईचा विचार आला की अजून संताप येतो.

दादा: ...एक सांग. आपल्या लोकांचे क्लेम, म्हणजे कंपनीतल्यांचे, ते वेगळे ठेवतात ना?

धाकटी: नाही. सगळे एकाच कपाटात.

दादा: म्हणजे माझ्या खात्यातल्या कुणीही...

धाकटी: कुणाचंही नाव घालावं आणि बघावं. कालपर्यंत.

दादा: तू बघितलंस? माझं?

धाकटी: नाही.

दादा: खरं बोल.

धाकटी: मार्चमध्ये तू टूरवर म्हणून गेलास आणि परत आलास तो निम्मा होऊन. आई पुन्हा पुन्हा म्हणत होती, हा असा का दिसतोय. मला एका मिनिटात कळलं असतं दादा. नाव घालायला हात शिवशिवत होता. नाही बघितलं. म्हटलं, त्याचं दुखणं आहे, तो सांगेल तेव्हा ऐकू.

दादा: टूरवर नव्हतो मी.

धाकटी: तेवढं कळलं होतं.

दादा: आता बरा आहे. अगदी बरा. आईला मात्र नको सांगूस.

धाकटी: मी कशाला सांगू? तूच सांगशील. माझ्यापासून लपवलंस याचा राग आहे, तो काही आज जायचा नाही. तुझा फोन वाजतोय.

दादा: साहेब आहेत.

धाकटी: दे इकडे, मी बोलते. माझं मला निस्तरू दे.

दादा: थांब जरा. ...हॅलो. हो साहेब, तिच्याच खोलीत आहे. नाही, ते दार उघडायचं नाही. खिडकीतून जे मिळेल त्यावर विकू, नाहीतर विकणार नाही. शब्द दिला होता, मान्य आहे. ...तिला कशाला बोलावताय साहेब? नाही म्हणतोय तो मी.